लग्नाची कॅसेट आणि सातव्या पिढीचा लॅपटॉप

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले. पुढच्या विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. एखाद-दुसरा अपवाद सोडला तर सातव्या पिढीला तिथे थारा नाही. त्यामुळे २०१७ च्या सुमारास कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना दिलेले, अजून धडधाकट असलेले लॅपटॉप कचेऱ्यांतून बाहेर पडत आहेत आणि सेकंड हँड बाजारात येत आहेत. सांगली, मिरज, कराड, साताऱ्यातल्या संगणकाच्या हौशी मंडळींनी नेमका याच लॅपटॉपवर डोळा ठेवावा, असे मला मनापासून वाटते. घरातले व्हिडिओ, फोटो, गाणी एका जागी ठेवायची आणि घरातल्या कुठल्याही टीव्हीवर, मोबाइलवर हवी तेव्हा पाहायची, याला घरगुती स्ट्रीमिंग म्हणतात. या कामासाठी सातव्या पिढीइतका स्वस्तात पुरून उरणारा प्रोसेसर दुसरा नाही.

असे का, हे कळायला आधी घरात काय काय पडून आहे ते पाहू. आपल्याकडे कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा माळ्यावरच्या ट्रंकेत लग्नांचे थर साचलेले असतात. नव्वदच्या दशकातली लग्ने व्हीएचएस कॅसेटवर, त्यानंतरची व्हीसीडीवर, मग डीव्हीडीवर, मधली काही मिनीडीव्हीच्या काडेपेटीएवढ्या टेपवर, अलीकडची पेनड्राइव्हवर आणि कालपरवाची भाच्याच्या मोबाइलमध्ये. विटा, खानापूर, आटपाडी भागातल्या गलाई व्यावसायिकांच्या घरी हा साठा आणखी मोठा असतो. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त माणसे केरळ, तमिळनाडूपासून थेट उत्तरेपर्यंत पांगलेली. गावाकडच्या लग्नाला, जत्रेला, घरभरणीला ज्याला येता आले नाही त्याच्यासाठी कॅसेट काढून पाठवायची, ही रीतच होती. साताऱ्याकडे हीच गोष्ट फौजेतल्या घरांची. अपशिंग्यासारख्या गावात घरटी माणूस सैन्यात, आणि घरचा सोहळा त्याने पाहायचा तो सुट्टीवर आल्यावर, टीव्हीच्या पडद्यावर.

या प्रत्येक थराचे तंत्र वेगळे आहे. व्हीसीडीचे मानक १९९३ चे. तिच्यातले चित्र आपल्याकडच्या पाल पद्धतीत ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे. संगणकात घातली की ‘एम्पेगएव्ही’ नावाच्या फोल्डरात एक लांबलचक डीएटी फाइल दिसते, तीच तुमची हळद आणि तेच तुमचे मंगलाष्टक. डीव्हीडीत चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे, एम्पेग-२ पद्धतीने आवळलेले, आणि साधारण एकेक जीबीच्या व्हीओबी फाइलींत तुकडे करून ठेवलेले. दुसरा तुकडा अक्षता पडता पडताच संपतो आणि तिसरा सुरू होतो, कारण हे तुकडे प्रसंग पाहून पडत नाहीत, आकारमान पाहून पडतात. मिनीडीव्हीच्या चित्राचा दर सेकंदाला २५ मेगाबिट, आवाज वगैरे धरून तासाला सुमारे १३ जीबी. व्हीएचएसमध्ये तर आकडे नाहीतच. ती चुंबकीय पट्टी आहे, तिला व्हीसीआरमध्ये चालवून तिचे चित्र संगणकात घ्यावे लागते.

मिनीडीव्हीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण वेळ हातातून जात आहे. ही टेप जशीच्या तशी उतरवायची तर फायरवायर नावाचा पोर्ट लागतो. सोनीच्या यंत्रांवर त्याचे नाव आय-लिंक असे. कॅमेऱ्याला यूएसबीचा पोर्ट असला तरी बहुतेक कॅमेऱ्यांत तो फोटो उतरवण्यापुरता असतो, टेपवरचे मूळ चित्र त्यातून येत नाही. फायरवायर असलेले लॅपटॉप साधारण २०१० पर्यंतचे. त्यानंतर हा पोर्ट गळत गेला आणि आजच्या नव्या लॅपटॉपवर तो मिळत नाही. म्हणून घरात पंधरा वर्षांपूर्वीचा जाडजूड लॅपटॉप असेल आणि त्याच्या कडेला चार पिनांचे छोटे चौकोनी छिद्र असेल, तर तो भंगारात देऊ नका. स्ट्रीमिंगला तो कामाचा नाही, पण टेप उतरवण्यापुरता नव्या लाखाच्या लॅपटॉपपेक्षा तो मोलाचा आहे.

आता हे सारे टीव्हीवर पाहायचे. फाइल लॅपटॉपच्या डिस्कवर आहे, लॅपटॉप घरच्या राऊटरला जोडला आहे, आणि टीव्हीवरचे ॲप ती फाइल मागते आहे. इथे दोनच गोष्टी घडू शकतात. टीव्हीला त्या फाइलची भाषा कळत असेल तर लॅपटॉप फाइल जशी आहे तशी पाठवत राहतो. याला डायरेक्ट प्ले म्हणतात, आणि त्यात लॅपटॉपला काडीचे श्रम नसतात; दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही ते हसत करतो. टीव्हीला ती भाषा कळत नसेल तर लॅपटॉपने व्हिडिओ उलगडायचा, टीव्हीला कळेल अशा रूपात पुन्हा आवळायचा आणि तो पाहणाऱ्याच्या वेगाने पुढे सरकवत राहायचे. हे ट्रान्सकोडिंग. घाम फुटतो तो इथे.

लॅपटॉपवरून फाइली पाठवण्याचे काम करणाऱ्या जेलीफिनसारख्या सर्व्हर प्रोग्रॅमच्या डॅशबोर्डवर हा फरक डोळ्यांनी दिसतो. कोण काय पाहत आहे त्याच्या चौकटीत डायरेक्ट प्ले की ट्रान्सकोडिंग ते लिहिलेले असते, आणि ट्रान्सकोडिंग असेल तर कारणही मिळते: चित्राची पद्धत टीव्हीला चालत नाही, आवाजाची चालत नाही, किंवा सबटायटल चित्रावर छापून पाठवावी लागत आहेत. जुन्या डीव्हीडीची व्हीओबी फाइल लावली की हे हमखास होते. शिवाय तिच्यात आणखी एक गुंता असतो. जुन्या टीव्हीसाठी चित्र सेकंदाला २५ पूर्ण चौकटींऐवजी ५० अर्ध्या चौकटींत नोंदवले जाई. आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या. काचेच्या नळीच्या टीव्हीवर ते एकजीव दिसे. आजच्या सपाट पडद्यावर दोन अर्धे एकदम दाखवले की हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या कडेला कंगव्याचे दात फुटतात. नवरी हार घालायला हात उचलते आणि बांगड्यांच्या जागी आडव्या रेघा दिसतात. स्थिर उभे असलेले भटजी मात्र स्वच्छ. हे दात काढण्याच्या क्रियेला डीइंटरलेसिंग म्हणतात, आणि हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये त्यासाठी बीडब्ल्यूडीआयएफ नावाचा चांगला फिल्टर आहे.

म्हणून जुन्या साठ्यासाठी माझा आग्रह असा की रोज ट्रान्सकोडिंग करत बसू नये. मूळ फाइल जपून ठेवावी आणि एकदाच तिचे दात काढून एच.२६४ पद्धतीत, एमपी४ फाइल करून घ्यावी. एच.२६४ हे मानक २००३ चे. आज ते न कळणारा टीव्ही किंवा मोबाइल शोधूनही सापडायचा नाही. डीव्हीडीच्या दर्जाच्या चित्राला सेकंदाला ४ मेगाबिट पुष्कळ झाले, म्हणजे तासाला १.८ जीबी. तीस तासांची घरची लग्ने, बारशी, सत्यनारायण मिळून ५४ जीबी. एका पेनड्राइव्हवर मावतील. एवढे केले की या थरासाठी प्रोसेसर कोणता हा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न निर्माण होतो तो कालपरवाच्या लग्नाने. मोबाइलमध्ये ४के दर्जात घेतलेला व्हिडिओ एच.२६४ मध्ये असेल तर सेकंदाला ५० मेगाबिटच्या आसपास जागा खातो, म्हणजे तासाला साडेबावीस जीबी. ही जागा वाचवण्यासाठी मोबाइल एचईव्हीसी नावाची, २०१३ साली आलेली पद्धत वापरतात. आयफोनने ती २०१७ पासून घेतली आणि २०२० च्या आयफोन १२ पासून रंगांची खोली १० बिटपर्यंत नेली. हे चित्र घरातल्या जुन्या टीव्हीला कळत नाही, बऱ्याच ब्राउझरांना कळत नाही, आणि दरवेळी त्याचे रूपांतर करून ठेवायला कुणाला वेळ नसतो. इथे लॅपटॉपलाच राबावे लागते. आईवडिलांच्या लग्नाला जे यंत्र पुरते ते मुलाच्या लग्नाला पुरत नाही, ते याचमुळे.

आता प्रोसेसरकडे वळू. इंटेलने जानेवारी २०११ मध्ये दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये क्विक सिंक नावाचा एक वेगळा भाग बसवला. व्हिडिओ उलगडणे आणि आवळणे एवढेच त्याचे काम. प्रोसेसरचे मुख्य गाभे मोकळे राहतात आणि हा कोपऱ्यातला भाग थोड्याशा विजेवर काम उरकतो. पण त्याला कोणकोणत्या पद्धती येतात हे पिढीवर ठरते. सहाव्या पिढीला एचईव्हीसी येते, पण ८ बिटचीच नीट. २०१६ च्या उत्तरार्धात आलेल्या सातव्या पिढीत १० बिटची एचईव्हीसी आणि यूट्यूब वापरते ती व्हीपी९, दोन्ही या भागातच बसवल्या. २०१८ साली पक्क्या झालेल्या एव्ही१ पद्धतीसाठी मात्र २०२० ची अकरावी पिढी लागते, पण घरच्या साठ्यात एव्ही१ची फाइल आज क्वचितच असते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा, कारण दुकानात नेमके उलटे सांगितले जाते. चौथ्या पिढीचा आय७ आणि सातव्या पिढीचा आय३ शेजारी ठेवले तर गिऱ्हाईक आय७ उचलतो. मुलाच्या लग्नाचा १० बिटचा व्हिडिओ लावला की तो आय७ पंखा घोंघावत सगळे गाभे पणाला लावतो आणि तरी चित्र अडखळते. सातव्या पिढीचा आय३-७१००यू ते काम कोपऱ्यातल्या भागाकडे सोपवून शांत राहतो. आय३-७१००यू, आय५-७२००यू, आय७-७५००यू या तिन्हींत चित्राचा भाग एकच आहे, एचडी ग्राफिक्स ६२०. घरगुती स्ट्रीमिंगपुरता आय३ आणि आय७ यांच्यातला फरक म्हणजे निव्वळ वाया गेलेले पैसे.

सातव्या पिढीचे लॅपटॉप म्हणजे लेनोव्होचा थिंकपॅड टी४७०, डेलचे लॅटिट्यूड ५४८० आणि ७४८०, एचपीचा एलिटबुक ८४० जी४. चारही कचेऱ्यांसाठी बनवलेले, चारींनाही नेटवर्कच्या केबलचा पूर्ण आकाराचा पोर्ट. पण एक फसगत टाळा. टी४७० आणि हे लॅटिट्यूड सहाव्या पिढीतही विकले गेले आहेत. वरचे नाव तेच, आतला प्रोसेसर आय५-६३००यू. म्हणून लॅपटॉपच्या नावावर जाऊ नका. तो सुरू करून प्रोसेसरचा क्रमांक स्वतः वाचा. चार आकडी क्रमांकातला पहिला आकडा ही पिढी. दहाव्या पिढीपासून पहिले दोन आकडे पिढीचे, म्हणजे आय५-११३५जी७ अकराव्या पिढीचा.

दुकानात उभ्या उभ्या आणखी दोन गोष्टी पाहता येतात. विंडोजच्या काळ्या खिडकीत पॉवरसीएफजीची बॅटरीरिपोर्ट ही आज्ञा दिली की एक पान तयार होते. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती किती भरते हे दोन्ही आकडे असतात. दुसरा निम्म्याखाली असेल तर किंमत पाडून मागा. मग लॅपटॉप बंद करून बायॉसमध्ये शिरून पाहा. तिथे जुन्या कंपनीचा पासवर्ड असेल तर तो लॅपटॉप घेऊ नका, दुकानदार कितीही गोड बोलला तरी.

सांगलीच्या वालचंदला, साखराळ्याच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटला किंवा साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील अभियांत्रिकीला प्रवेश घेतलेल्या मुलासाठी नवा लॅपटॉप घ्यायचा असतो तेव्हा प्रश्न वेगळा असतो, पण सवय तीच उपयोगी पडते: वरचे नाव सोडून आतला क्रमांक वाचायचा. एएमडीच्या ७००० मालिकेत हे फार महत्त्वाचे. रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू शेजारी ठेवले तर दहा-वीस क्रमांकांचा फरक वाटतो. प्रत्यक्षात तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो, आणि त्या तीन वेगवेगळ्या पिढ्या आहेत. पहिला आकडा नुसते विक्रीचे वर्ष. एनव्हिडियाच्या ग्राफिक्सचेही तसेच. लॅपटॉपमधले आरटीएक्स ४०५० हे कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर चालवलेले असू शकते, नाव मात्र एकच. रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली आहे की खाचेत आहे, हे घेण्यापूर्वी विचारा; डाग दिलेली असेल तर चार वर्षांनी वाढवता येत नाही. आणि २०२५ मध्ये तर आणखी एक गोष्ट उघड झाली. एचपी आणि डेलने आपल्या काही नव्या बिझनेस लॅपटॉपमध्ये प्रोसेसरला येत असलेली एचईव्हीसीची सोय बंद ठेवली आहे. ही पद्धत वापरायला पेटंटधारकांना शुल्क द्यावे लागते. नवा लॅपटॉप घेऊन घरचा व्हिडिओ अडखळावा, ही मला गिऱ्हाईकाची सरळ फसवणूक वाटते.

गेमिंग लॅपटॉप किंवा जुना डेस्कटॉप चोवीस तास सर्व्हर म्हणून चालू ठेवणारेही हौशी असतात. मला ते पटत नाही. कचेरीतला लॅपटॉप झाकण मिटून, पडदा बंद, काही काम नसताना आठ-दहा वॉट घेतो. १० वॉटने दिवसरात्र चालला तर महिन्याला ७.२ युनिट. जुना डेस्कटॉप नुसता चालू ठेवला तरी ५० वॉट सहज घेतो, म्हणजे ३६ युनिट. हा फरक महावितरणच्या बिलात दर महिन्याला दिसतो. २०२३ पासून मिळणाऱ्या इंटेल एन१०० प्रोसेसरच्या छोट्या डब्या वीज याहून कमी खातात आणि एव्ही१ही उलगडतात. नवेच घ्यायचे असेल तर त्या उत्तम. पण लॅपटॉपला स्वतःचा पडदा, कळफलक आणि बॅटरी असते. पावसाळ्यात दिवे सारखे येत-जात असतात तेव्हा लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. फक्त राऊटरलाही बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावायला विसरू नये, नाहीतर लॅपटॉप जागा आणि रस्ता बंद.

तीच बॅटरी धोक्याचीही. लिथियमची बॅटरी कायम शंभर टक्के भरलेली आणि वर सांगलीचा एप्रिल-मे, या दोन्हींनी ती लवकर म्हातारी होते आणि फुगते. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, झाकण नीट मिटेना, की समजावे बॅटरी फुगली. लगेच काढून टाकावी. हे टाळायचा उपाय सोपा आहे. थिंकपॅडमध्ये बॅटरी अमुक टक्क्यांवर भरणे थांबव असे सांगता येते. ७५-८० टक्क्यांवर थांबवली की वर्षानुवर्षे टिकते. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपू नये ही सोय विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये आहे, लिनक्समध्ये लॉगइंडच्या सेटिंगमध्ये एक ओळ बदलावी लागते. सातव्या पिढीसाठी मी लिनक्सच सुचवीन. विंडोज ११ तिला घेत नाही, पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेले डेबियन १३ तिच्यावर सुरळीत चालते आणि ते मोफत आहे.

पुढचा अडथळा भिंतींचा. वाई, सातारा, मिरजेच्या जुन्या वाड्यांच्या भिंती दगड आणि पांढऱ्या मातीच्या, दोन-दोन फूट जाडीच्या. पाच गिगाहर्ट्झचे वेगवान वाय-फाय अशा एका भिंतीतच अर्धमेले होते. २.४ गिगाहर्ट्झचे पलीकडे पोचते, पण शेजारपाजारच्या राऊटरांच्या गर्दीत अडखळते. लोक मग आणखी महाग राऊटर आणतात. त्याऐवजी लॅपटॉप राऊटरशेजारी ठेवून केबलने जोडावा आणि जमल्यास टीव्हीपर्यंतही केबल न्यावी. कॅट ५ई प्रकारची साधी केबल शंभर मीटरपर्यंत सेकंदाला १००० मेगाबिट नेते. बहुतेक टीव्हींचा केबलचा पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो, पण मोबाइलच्या ५० मेगाबिटच्या व्हिडिओला तोही पुरतो.

आणि या सगळ्याला इंटरनेट लागत नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे पावसाळ्यात झाड पडून फायबर तुटते आणि दोन-दोन दिवस जोडणी नसते, तेव्हा नेटवरचे सगळे चित्रपट बंद पडतात. घरातल्या लॅपटॉपवरून घरातल्या टीव्हीवर मात्र सगळे चालू असते.

सर्व्हरच्या प्रोग्रॅमांत पूर्वी प्लेक्सचे नाव आधी निघे. पण २९ एप्रिल २०२५ पासून प्लेक्सवर घराबाहेरून आपलेच व्हिडिओ पाहायला पैसे पडू लागले. एम्बी नावाचा दुसरा प्रोग्रॅम २०१८ मध्ये खुल्या परवान्यातून बाहेर पडला, तेव्हा त्याच्या जुन्या खुल्या कोडवरून काही मंडळींनी डिसेंबर २०१८ मध्ये जेलीफिन वेगळा काढला. तो पूर्ण मोफत आहे, कुणाकडे खाते उघडावे लागत नाही, आणि घरच्या साठ्यासाठी त्यात स्वतंत्र विभाग आहे. मी निःशंकपणे जेलीफिन सुचवतो.

मराठी घरात त्याला दोन गोष्टी शिकवाव्या लागतात. एक, फाइलींची नावे. आपण हौसेने ‘आक्काच्या लग्नातली वरात आणि गावजेवण, आटपाडी, वैशाख’ असे लांब नाव देवनागरीत देतो. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल पद्धतीत नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे, आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळे तीन-तीन बाइट घेते. म्हणजे ८५ चिन्हे झाली की जागा संपली. विंडोजवर चाललेले नाव लिनक्सवर नकलताना अडते ते यामुळे. लांब वर्णन फोल्डरांत विभागून टाकावे. दोन, सबटायटल. नाटकाच्या किंवा कीर्तनाच्या चित्रफितीला मराठी ओळी जोडल्या आणि त्या चित्रावर छापायची वेळ आली, तर सर्व्हरवर देवनागरी फाँट नसल्यास ओळीभर चौकोन उमटतात. नोटो सान्स देवनागरी बसवला की प्रश्न मिटतो.

चित्रपटांचे काय, असे कोणीतरी विचारतेच. आपल्याच घरच्या चित्रणाला कुणाची परवानगी लागत नाही. चित्रपटांचा हक्क मात्र १९५७ च्या कायद्यानुसार प्रदर्शनाचे वर्ष संपल्यापासून ६० वर्षे राहतो. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ केव्हाच मुक्त झाला आहे. गेल्या वीस वर्षांतला कुणाचाही चित्रपट झालेला नाही, आणि तो कुठूनतरी उतरवून सर्व्हरवर भरणे ही चोरीच आहे.

गलाईच्या घरांना याहून जास्त हवे असते: विट्यातल्या लॅपटॉपवरचे लग्न कोइमतूरच्या दुकानात बसून पाहायचे. इथे एक अडचण येते. अनेक कंपन्यांच्या घरगुती जोडणीत बऱ्याच घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलेला असतो, त्यामुळे बाहेरून कुणी आपल्या लॅपटॉपचे दार ठोठावू शकत नाही. राऊटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग होत नाही आणि माणूस हैराण होतो. यावर दोन संगणकांत खासगी बोगदा बांधणारा वायरगार्ड हा मार्ग आहे. मार्च २०२० पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आला आहे. त्यावर बेतलेल्या टेलस्केलमध्ये दोन्ही टोकांचे संगणक स्वतःहून बाहेर येऊन एकमेकांना भेटतात, त्यामुळे सामायिक पत्त्याची अडचण राहत नाही. कोइमतूरच्या मोबाइलला लॅपटॉप शेजारच्या खोलीत असल्यासारखा दिसतो. मग मर्यादा उरते ती विट्याच्या जोडणीच्या अपलोडची. ५० मेगाबिटचा मूळ व्हिडिओ तिथून निघणार नाही, लॅपटॉपने तो ४-५ मेगाबिटचा करूनच पाठवावा लागेल. दोन ठिकाणचे दोन भाऊ एकदम पाहायला बसले की सातव्या पिढीचा तो कोपऱ्यातला भाग खरा कामाला लागतो.

सांगलीकरांना मात्र लॅपटॉप कोणता याच्या आधी तो कुठे ठेवायचा हे ठरवावे लागते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपलीकडे गेले. तळमजल्यावरची कपाटे दिवसच्या दिवस पाण्याखाली राहिली. गाळ शिरलेली व्हीएचएस कॅसेट व्हीसीआरमध्ये घालता येत नाही, टेप चिकटते; लिहिलेल्या डीव्हीडीचा रंगथर ओलाव्याने सुटतो; भिजलेली हार्डडिस्क घाईने चालू केली तर उरलेसुरलेही जाते. म्हणून सर्व्हर वरच्या मजल्यावर असावा, आणि तेवढ्यावर भागत नाही. मूळ साठा धरून तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा जगभरच्या जाणकारांचा नियम सांगलीला अक्षरशः लागू आहे. घराबाहेरची प्रत त्याच गल्लीत, मावशीकडे ठेवून काय उपयोग? तिच्याही घरात तेच पाणी येणार. ती साताऱ्याला, विट्याला किंवा सरळ कोइमतूरच्या भावाकडे असावी. दीड-दोन टीबीची एक छोटी बाहेरची डिस्क त्याला पुरते. दिवाळीला भाऊ गावी येतो तेव्हा तिच्यात नवी भर घालावी, जुन्या फाइलींपैकी चार-दोन उघडून मधूनच चालवून पाहाव्यात, आणि डिस्क त्याच्या बॅगेत परत द्यावी.